डावखुरा की उंच

शुक्रवार, ३० मे १९९७. फिंतास.

सकाळी नि.चा अमेरिकेहून इकडे आखातात फोन. चिरंजीवांचे बोलणे नेहमीप्रमाणे अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी. व्याकरण दोन्हीकडे वाऱ्यावर. परंतु बातमी अशी, की मी एकदाही टोकले नाही. ज्या बास्केटबॉल संघाच्या कार्यालयात तो चिकटला आहे, तेथे त्याला प्रथमच स्वतंत्र अहवाल लिहावयास सांगितले आहे. दोन महाविद्यालयीन पॉइंट गार्ड. यंदाच्या ड्राफ्टमध्ये संघाने त्यांतील कोणाला पसंती द्यावी? अहवाल वरिष्ठांना पटला तर नोकरी कायम. न पटल्यास हंगामी नेमणूक जूनअखेर संपेल आणि तिच्याबरोबर तिथला मुक्कामही.

"बाबा, तुम्हीपण बघा ना. डावखुऱ्याची टेप पाठवलीय. तुमच्याइतका कीस कोणी काढत नाही."

याला स्तुती समजावे असे ठरवले.

सौ.ने विचारले, ड्राफ्ट म्हणजे काय. सांगितले, की व्यावसायिक संघ वर्षातून एकदा एकत्र जमतात आणि नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात.

"म्हणजे मुली बघायचा कार्यक्रम."

"साधारणतः."

"आणि पॉइंट गार्ड?"

"जो चेंडू पुढे आणतो आणि कोणी केव्हा कोठे जावे ते ठरवतो."

"म्हणजे मी," असे म्हणून सौ. भाजी परतायला गेली.

नावे कोठेही लिहू नयेत, असे नि.ने बजावले आहे. एक डावखुरा, एक उंच. पुरे.


रविवार, १ जून

फीत माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याबरोबर आली होती; विमानतळावर रिवाजाप्रमाणे तपासणीसाठी ठेवून घेतली. आज मिळाली. आमच्या व्हीसीआरवर नुसते पट्टे. अमेरिकन पद्धत वेगळी आहे, हे विसरलो होतो. युसुफभाईंच्या व्हिडिओच्या दुकानात आपल्या पद्धतीची प्रत करावयास दिली. गृहस्थ हैदराबादचे, कामाचा अभिमान दांडगा.

"परसों ले लो साब. एक तस्वीर भी नहीं छोड़ूँगा."

उंचाची चिंता नाही. डॉ. कर्णिकांच्या गच्चीवर उपग्रहाची तबकडी आहे, त्याचे तीन सामने त्यांनी हिवाळ्यातच ध्वनिमुद्रित (चूक. चित्रमुद्रित.) करून ठेवले होते. अहमदीच्या इस्पितळात दिवसभर हाडे जोडतात आणि उरलेला वेळ ही हाडे पाहतात. उंचावर फिदा आहेत.


बुधवार, ४ जून

कार्यालयातून येताच चहा, आणि डावखुरा. आवाज बंद ठेवून पाहिले. माझी ती जुनी पद्धत आहे: समालोचक आपले मत कानात ओततो आणि मग डोळे त्याचेच ऐकू लागतात. शिवाय ती इंग्रजी. दिवसभर तसल्याच इंग्रजीतील तांत्रिक अहवाल दुरुस्त करून आलेल्या माणसावर तेवढी दया असावी.

काय मुलगा आहे! पुण्यात महाविद्यालयाच्या संघात कॅनव्हासचे बूट घालून मी ही जागा खेळलो. त्यानंतर इतका शांत गडी पाहिला नाही. दोघे अंगावर येतात तरी हा हनुवटी वर ठेवून दूरच्या कोपऱ्याकडे पाहतो. रक्षक तिकडे एक पाऊल टाकतो. मग हा चेंडू जवळच्याच गड्याला देतो. जणू भोवती काही घडतच नाही. घाई हा शब्द त्याच्या कोशात नाही.

क्वचित चेंडू सोबत्याच्या हातून निसटतो. का, ते कळले नाही. पुन्हा पाहणे.


शुक्रवार, ६ जून

डॉ. सकाळी आले. वफ्र्याच्या शेतावरून काकड्या आणि भेंडी घेऊन आले होते, म्हणून प्रथम सौ.शी बोलणे, मग माझ्याशी. उंचाची फीत लावली.

उंच सगळ्यांच्या डोक्यांवरून पाहतो, लांबचा चेंडू सुरेख टाकतो. पण आधी ठरवतो आणि नंतर पाहतो. उतावळा.

"उतावळा? भाऊसाहेब, जगात याच्याहून निवांत पोरगं नाही!"

"डावखुरा पाहा, मग बोला."

"डावखुरा मी गेल्या वर्षी पाहिलाय. त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ लावलेली असते."

यावर वाद. सौ.ने काकडीची कोशिंबीर मध्ये ठेवून वाद तहकूब केला.

दुपारी नि.चा फोन. डावखुऱ्याविषयी माझे मत सांगितले. 

"शांत? बाबा, इथे सगळे म्हणतात तो फार घाई करतो. मीपण उंचाचंच लिहिणार होतो."

"सगळे चुकत आहेत. त्याला कसलीही घाई नाही. डोळे पाहा, पाय नको."

"ओके. मी परत बघतो." आणि मग हळूच, "तुम्हाला कसं दिसलं हे?"

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "छाती किती फुगवाल, शर्टाचं बटण जाईल."


सोमवार, ९ जून

धुळीचे वादळ. अहमदीला जाताना पुढची गाडी दिसत नव्हती.

कार्यालयाच्या फॅक्सवर नि.चा कच्चा मसुदा. त्याने पुन्हा पाहिले, रात्रंदिवस पाहिले, आणि त्याचे मत बदलले: डावखुरा. मसुद्यात माझेच वाक्य इंग्रजीत आहे, की या खेळाडूला घाई नाही, तो केवळ इतरांच्या आधी निघतो. (दुसरा भाग त्याचा स्वतःचा. बरा आहे.)

आनंद झाला, तो मी लाल शाईने व्यक्त केला. पहिल्या परिच्छेदात कर्ता बेपत्ता होता; त्यास शोधून परत आणले. सायंकाळी दुरुस्त प्रत पाठवली. अखेरचा अहवाल येत्या सोमवारी द्यावयाचा आहे.


गुरुवार, १२ जून

 हसू आणि धास्ती, दोन्ही.

डॉ. पुढील महिन्यात रजेवर नाशिकला जात आहेत. भावासाठी नवा व्हीसीआर घेतला. कोणत्याही देशाची फीत चालते. मला म्हणाले, तुमची मूळ अमेरिकन फीत आणा, उद्घाटन करू. सौ.सह गेलो.

डावखुरा पडद्यावर आला आणि मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचला. मी अजून बसतच होतो.

"डॉक्टर, तुमचे यंत्र बिघडले आहे. वेगाने फिरते आहे."

"कालच खोक्यातून काढलंय!"

"मग खोक्यातच बिघडले असेल."

डॉ. यंत्राकडे वाकले. त्यांनी आवाज मोठा केला. समालोचक चारचौघांसारखा बोलत होता. बँड बँडसारखा वाजत होता. डॉ. म्हणाले, आता घरी जाऊन तुमची प्रत आवाज लावून ऐका. किंवा थांबा, मीच येतो, हे मला चुकवायचं नाही.

घरी आलो. सौ.ने आवाज लावला. समालोचक खोल विहिरीत बसून बोलल्यासारखा. बँड म्हणजे रवंथ करणाऱ्या म्हशींचा कळप.

"अगं बाई, यांचा घसा बसलाय का?" सौ.

डॉ. सोफ्यावर आडवे होऊन हसत होते. "भाऊसाहेब, तुमचा शांत गडी!"

युसुफभाईंकडे गेलो. त्यांनी अभिमानाने समजावले: अमेरिकेच्या फितीत सेकंदाला तीस चित्रे, आपल्याकडे पंचवीस. इतर दुकानदार मधली चित्रे गाळतात. "मैंने वादा किया था साब, एक भी नहीं छोड़ी." म्हणजे प्रत संथ झाली; सहाव्या सेकंदात जे संपते ते पाचव्यात संपावयास हवे होते. मी जे धीरगंभीर चित्त आठवडाभर वाखाणले, त्यात युसुफभाईंच्या प्रामाणिकपणाचा वाटा किती आणि मुलाचा किती?

आणि त्यावर नि.ने आपला अहवाल उभा केला आहे.


शुक्रवार, १३ जून

सकाळी मीच फोन लावला. सौ. शेजारी उभी, माझ्या धीरासाठी की गंमत ऐकण्यासाठी, सांगता येत नाही. वाक्ये आधी मनात जुळवून ठेवली होती. सगळे सांगितले: फीत, तीस, पंचवीस, बंद ठेवलेला आवाज. "सबब माझे मत तू विचारात घेऊ नयेस. तुझे मूळचे मत उंचाच्या बाजूचे होते. अजून सोमवार यावयाचा आहे."

 मग असा आवाज आला, की मला वाटले लाइन बिघडली. नि. हसत होता. लहानपणी अहमदीच्या कॉलनीतील बास्केटखाली चेंडू माझ्या चष्म्यावर आपटला तेव्हा हसला होता, तसा. श्वास न घेता.

"हसण्यासारखे काय आहे? तुझी नोकरी आहे."

"बाबा, तुमच्या टेपमध्ये त्याचे डोळे मुद्दाम कोणी बसवले नव्हते ना? तो कोपऱ्यात बघतो, डिफेंडर फसतो, मग पास. ते खरंच आहे ना?"

"खरे आहे. पण संथ गतीत."

"तो ते फुल स्पीडला करतो! म्हणजे अजूनच भारी नाही का?"

हे मला सुचले नव्हते. सुचावयास हवे होते.

"किंवा," मी म्हणालो, "तो इतका वेगवान आहे, की सोबत्यांना चेंडू आल्याचे कळतच नाही. मग तो चांगला पॉइंट गार्ड कसा? चेंडू निसटत होता तो म्हणूनच. काल खऱ्या गतीत पाहिले तेव्हा दिसले."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज. लिहून घेत होता.

"आणि उंच?"

"उंचाचे सोबती नेहमी तयार असतात. त्याचा बेत आधीच दिसतो, म्हणून. हे मी उतावळेपणाचा शिक्का मारण्याच्या घाईत पाहिले नाही."

"बाबा, आता तुम्ही कुठल्या बाजूला?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. सौ.ने माझ्याकडे वळून पाहिले; हे दोन शब्द माझ्या तोंडून तिने क्वचितच ऐकले असावेत. त्यानंतर आम्ही इतका वेळ बोललो, की तिने घड्याळाकडे बोट दाखवणेही सोडून दिले आणि खुर्ची आणून बसली.


रविवार, १५ जून

न्याय म्हणून उंचालाही संथ गतीत पाहावे, असे वाटले. युसुफभाईंना म्हटले, या फितीचीही तशीच एक प्रत करून द्या. त्यांना अपमान वाटला.

"साब, गलती एक बार होती है. जान-बूझ के नहीं करता."

उंचाची फीत इकडच्याच पद्धतीची आहे, ती संथ होणारही नाही. डॉ.ना सांगितले. ते म्हणाले, उंचाला त्याची गरज नाही, तो जन्मतःच संथ आहे. मग स्वतःच्या शब्दांवर स्वतःच अडखळले, कारण त्यांना स्तुती करावयाची होती.

सायंकाळी समुद्रावर फेरी. ऊन उतरले तरी वाळू तापलेली. सौ. आता जाणकार झाली आहे. तिचे मत डावखुऱ्याला. कारण: "ज्याला सगळे घाईचा म्हणतात त्याला कोणीतरी बाजूने हवं." याला निकष म्हणता येणार नाही, असे सांगितले. तिने ते मनावर घेतले नाही.


मंगळवार, १७ जून

कार्यालयात निघण्यापूर्वी फोन. नि.ने अहवाल दिला. बैठकीत वरिष्ठांसमोर उभे राहून तासभर उत्तरे दिली. दोन्ही खेळाडूंच्या फिती संथ करून दाखवल्या. तेथील यंत्रांवर बटण असते म्हणे, दुकानदार लागत नाही. वरिष्ठांनी एकदा मान हलवली. होकारार्थी की मान आखडली म्हणून, हे नि.ला कळले नाही.

"मसुद्याचे व्याकरण?"

"सगळं तपासलं. दोनदा. बाबा, मीच तपासलं."

"बरे. आणि कोणाचे नाव दिलेस?"

"ते सांगता येत नाही."

मला वाटले, थट्टा. सौ.ने रिसीव्हर घेतला. "अरे, मला तरी सांग. मी कोणाला सांगणार आहे?"

"आई, तुला तर मुळीच नाही. ड्राफ्ट होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. तुमची मतं विचारली ती सगळ्यांनी पाहिलेल्या मॅचेसवर. निर्णय ऑफिसचा."

वाक्य पूर्ण होते, कर्ता जागेवर होता, आणि नियम योग्य होता. मी रिसीव्हर परत घेऊन म्हणालो, "बरोबर आहे."  गाडीत बसल्यावर लक्षात आले, की चष्मा घरीच राहिला. परत गेलो.


शुक्रवार, २० जून

ड्राफ्ट पुढील बुधवारी. नोकरीचा निकाल त्यानंतर. नि.चा आवाज काल चांगला होता, जेवतो आहे.

डॉ. नव्या व्हीसीआरसह सकाळीच हजर. भावाकडे जाण्यापूर्वी यंत्राचा पुरता उपभोग घेण्याचा त्यांचा विचार दिसतो. सौ.ने आम्रखंड केले होते. दोघांची पैज लागली आहे. डॉ. म्हणतात उंच, सौ. म्हणते डावखुरा, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन पुऱ्या तळायच्या. डॉ.ना पुरी लाटता येत नाही, हे त्यांनी पैजेनंतर सांगितले.

आम्ही डावखुरा पाहिला, खऱ्या गतीत, आवाजासकट. मग उंच. मग पुन्हा डावखुरा. एकदा त्याने कोपऱ्याकडे पाहिले आणि आम्ही तिघांनीही कोपऱ्याकडे पाहिले. चेंडू भलतीकडेच गेला होता. डॉ.नी टाळी वाजवली आणि मग, आपण उंचाच्या बाजूचे, हे आठवून हात खाली घेतले.

"भाऊसाहेब, आता तरी सांगा. निरंजनने तुम्हाला सांगितलंच असणार. बापाला कोण सांगत नाही?"

"अहो, सांगून टाका ना," सौ.ही म्हणाली. फोनवेळी ती शेजारीच होती. परंतु चष्म्यासाठी मी परत आलो तेव्हा ती न्हाणीघरात होती; तेवढ्या अवधीत पुन्हा फोन आला असावा, असा तिला संशय आहे.

मी वाटीतील आम्रखंड संपवले.

"सांगता येत नाही," म्हणालो.

दोघांचीही खात्री झाली, की मला ठाऊक आहे. मी ती तशीच राहू दिली.