चतुःसीमा, दोन्हीकडे तोंड करून

…उत्तरेस पायऱ्यांची पाखाडी, पूर्वेस आरे-वारे रस्ता, दक्षिणेस पुतण्या स्वरूप याचा दगडी गडगा. एवढे सांगून मी थांबलो. लिहून घेणारा शेजारी वजीर म्हणाला, “अण्णा, नि दर्या कुठं गेला?”

पश्चिमेला समुद्र आहे हे मला ठाऊक आहे. लाटा ऐकू येत होत्या. पण मनाने उत्तरेकडे तोंड करून बागेत उभा राहिलो, तर डावीकडे काहीच नव्हते. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. झरीन म्हणाल्या, “आता दक्षिणेकडे वळून सांगा.” समुद्र आला, रस्ता गेला. मला गंमत वाटली. जन्मभर भूकरमापक होतो, पण अशी जमीन कधी मोजली नव्हती.

मी, देवदत्त अनंत खातू, राहणार आरे, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने सांगतो. लिम्फोमाच्या औषधांनी माझी प्रतिकारशक्ती खचली आणि मेंदूत एक विषाणू जागा झाला. तो बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि गप्प राहतो, असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे जुने कूळ. आता मालकी सांगते आहे. त्याने डावी बाजू घेतली. इच्छा घेतलेली नाही.

माझी बुद्धी ठिकाणावर नव्हती, असे स्वरूप कोर्टात म्हणेल. त्याआधी मीच सांगतो: डावीकडचे मला सुटते. म्हणून चतुःसीमा दोनदा दिल्या आहेत. एकत्र वाचाव्यात.

घर, कलमांची बाग आणि बँकेतली ठेव सून अपूर्वा हिला. मुलगा गेल्यावर मी तिला माहेरी जा म्हटले. ती म्हणाली, “नि तुमची पेज कोण करणार? स्वरूपभावजी?”

स्वरूपला माझी मोजणीची साखळी. गडगा किती सरकवला ते त्याने स्वतः मोजावे.

मेंदूचे स्कॅन डॉ. झरीन यांनी ठेवावेत. विषाणूने हद्द नेमकी तिथेच का आखली, हे मला कळलेले नाही. कुणाला कळल्यास अपूर्वाला सांगावे.

सही: देवदत्त अनंत खातू
साक्षीदार: डॉ. झरीन काझी, वजीर मुकादम (लिहिणार)
आरे, ता. रत्नागिरी, ९ जानेवारी २०२५

प्रतीवर वजीरची नोंद: दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधक साहेब घरी आले. चतुःसीमा विचारल्या, अण्णांनी दोन्हीकडून सांगितल्या. साहेबांनी डावा अंगठा मागितला. अण्णा शोधत राहिले. डॉक्टरांनी हात उचलून समोर धरला.

“हा कुणाचा?” अण्णांनी विचारले.

साहेबांनी पेन खाली ठेवले.

“तुमचाच,” डॉक्टर म्हणाल्या.

अण्णांनी हात उलटसुलट करून पाहिला. “असेल. बाग अपूर्वाची, एवढं पक्कं. घ्या ठसा.”

दस्त नोंदला गेला.