पाहुणीचा मुक्काम

१९ जानेवारी, रविवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते मी पत्र लिहिलं नाही तरी तुझ्या मागे असतात. माझी तब्येत ठीक, गुडघा ठीक, गच्चीवरची टाकी गळायची थांबली. झाली ख्यालीखुशाली. आता बूड टेकून बस, कारण आठवडाभर एक बातमी माझ्या पोटात मावत नाहीये.

थोरलीची क्लच केबल तुटली! भर रस्त्यात, चढावर! आणि तुझ्या आईने ती स्वतःच्या हाताने बदलली!

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मागे तुझ्या कॉम्प्युटरची टकटक चालू असते. शिवाय फोनवर मी ऐन वेळी हवापाण्यावर घसरते. कागदावर घसरले तर निदान माझं मला दिसेल तरी.

मागच्या खेपेला तू दोन दिवस आधीच निघालीस, ऑफिसचं काम आलं म्हणून. त्यामुळे शेड नीट दाखवायची राहूनच गेली. आता पत्रातून बघ. भिंतीशी उभी ती थोरली, तुझ्या बाबांची काळी मोटरसायकल. बाबा गेल्यावर "विकून टाक, नुसती गंजेल," असं तू म्हणाली होतीस. गंजली नाही हो! तिच्याशेजारी मधली, मी घेतलेली, मरून रंगाची. तिची सीट मी माझ्या मशिनवर शिवली. इतकी वर्षं लोकांच्या सोफ्यांच्या गाद्या शिवल्या, पण एवढी सरळ टीप कधी पडली नव्हती. गोल दिवा, तारांची चाकं, पोट काढून बसलेली टाकी, आणि बटण दाबलं की पहिल्या हाकेला ओ! बाहेरून म्हातारी, आतून तरणीताठी. कुणासारखी ते मी सांगत नाही. खऱ्या जुन्या गाड्या पाळणारे लोक नाकं मुरडतात, म्हणतात ही नव्या गाड्यांनी घेतलेली नुसती जुन्याची सोंगं. मुरडू देत. त्यांचा अर्धा रविवार किका मारण्यात जातो, आम्ही तोवर धरणावर पोहोचलेलो असतो.

आम्ही म्हणजे, तिसरीबद्दल सांगायचं राहिलं. हिरवी. तिचं नाव पाहुणी, कारण ती आपली नाही, चष्मेवाल्यांची आहे. आठवतात ना? तुझा पहिला चष्मा ज्यांनी केला आणि तू भोकाड पसरलंस तेव्हा स्वतः दोन चष्मे एकावर एक घालून दाखवले, ते. दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो. सीट शिवून घ्यायला माझ्याकडे आले होते. त्यांच्या इमारतीत गाडीवर छप्पर नाही, म्हणून पावसाळ्यापुरती ती आपल्या शेडमध्ये आली. मग पावसाळा संपला. मग म्हटलं थंडीत कुठे तिला उघड्यावर पाठवायची. आता उन्हाळा येईलच, आणि उन्हाने रंग उडतो.

तिला पुसायला ते रोज सकाळी येतात. माणूस रोज येणार म्हटल्यावर चहा होतो. चहा झाला की बाकीच्या दोघींनाही पुसून होतं, तेही चष्म्याच्या मऊ कापडाने. दिव्याच्या काचेवर तोंडाची वाफ धरतात, पुसतात, मान तिरकी करून बघतात, आणि पुन्हा वाफ. बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या वाटचं मीच बोलून घेते, तुला माहीतच आहे.

तर गेल्या रविवारी आम्ही धरणाकडे निघालो, मी थोरलीवर, ते पाहुणीवर. चढाच्या मध्यावर डाव्या मुठीतला दांडा एकदम ढिला पडला, हाताला काही लागेचना. केबल गेली! गाडी कडेला घेतली. मग म्हटलं, अगं, केबल तर शेजारीच आहे! जुन्या केबलला लागूनच नवी ओवून ठेवायची, म्हणजे वेळेला फक्त दोन टोकं जोडायची, ही बाबांची युक्ती. आणि बाबांच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत. का, ते सांगू? कारण जन्मभर टॉर्च मी धरला. "इकडे धर. अगं, इकडे! माझ्या डोळ्यांत नको, नटावर!" त्यांना वाटायचं मी नुसता उजेड धरते आहे. मी सगळं बघत होते.

एक टोक सहज बसलं. दुसरं इंजिनाच्या पोटाशी, त्यात वर झाडांची दाट सावली. मी सरळ रस्त्यावर फतकल मारली, पाना घेतला आणि ह्यांनी टॉर्च धरला. बरोब्बर नटावर.

थांब. वरचं वाक्य आत्ता परत वाचलं.

"ह्यांनी" लिहिलंय. ठमे, मी मुद्दाम नाही लिहिलं. हा शब्द या घरात आजवर एकाच माणसासाठी होता. "हे आले की वाढते", "ह्यांना विचारून सांगते". खोडायला पेन टेकवलंसुद्धा होतं. पण खोडलेलं उजेडात धरून वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड, तू वाचलंच असतंस. तेव्हा राहू दे. पेनाने माझ्याआधी तोंड उघडलंय, आता मी मागे हटून काय उपयोग.

तर एक ट्रकवाला थांबला. खिडकीतून डोकं काढून त्यांना म्हणाला, "काका, काय झालं? हात लावू का?"

"मला काय विचारता," ते म्हणाले. "मी नुसता टॉर्चवाला. मिस्त्री ह्या."

ट्रकवाला खो खो हसला. मला म्हणाला, "मावशी, मिस्टर भारी आहेत हो तुमचे!" आणि गेला.

त्या दिवशी मी केबल दुरुस्त केली, त्याची चूक मात्र दुरुस्त नाही केली. त्यांनीही नाही केली. थोरली सुरू झाली तेव्हा मी भर रस्त्यात टाळ्या पिटल्या, हात काळेकुट्ट होते तरी! धरणापर्यंत गेलो आणि परत आलो. वाऱ्यामुळे बोलता येत नव्हतं म्हणून मी नुसतीच हसत होते, दात वाळेपर्यंत.

परत आल्यावर शेडमध्ये ते पाहुणीचा दिवा पुसायला लागले. आधीच लख्ख असलेला दिवा. मग म्हणाले, "हिला आता पाहुणी म्हणवत नाही."

"मग काय म्हणायचं?"

"धाकटी."

मी म्हटलं, "अहो, धाकटी म्हटलं की ती घरातली झाली."

"हो," ते म्हणाले. "तेच विचारतोय."

आणि पुन्हा दिव्यावर वाफ धरली! मी काय म्हटलं असं विचारशील. मी म्हटलं, घरातली व्हायचं असेल तर आधी तिचं ऑइल बदला, कोळशासारखं झालंय. त्यांनी ते लगेच बदलायला घेतलं. मग मी "हो" म्हटलं. या वयात लाजायचं नसतं म्हणे, पण मी लाजले, आणि मला फार बरं वाटलं.

आता जे टाळत होते ते. तू लवकर का निघालीस ते मला माहीत आहे. ऑफिसचं काम नव्हतं. तू शेडमध्ये डोकावलीस तेव्हा ते बाबांच्या स्टुलावर बसून चाकाच्या तारा पुसत होते. तू तशीच आत जाऊन बॅग भरलीस. ठमे, ते आपण होऊन बसले नव्हते. जमिनीवर उकिडवे बसायचे, उठताना भिंत धरायचे. मला बघवेना म्हणून मीच स्टूल पुढे सरकवलं. रागवायचं तर माझ्यावर रागाव. थोरलीवर मी त्यांना बसू देत नाही. ते मागतही नाहीत.

बाबांची आठवण मला रोज येते. केबल बसली तेव्हा पहिला विचार हाच आला, की हे बघायला हे हवे होते. त्या "हे" मध्ये बाबाच होते. आता त्या एका शब्दात दोन माणसं राहतात आणि अजून तरी भांडली नाहीत.

गुरुवारी आम्ही नोंदणी कार्यालयात चौकशी करून आलो. पुढच्या महिन्याची चोवीस तारीख मिळतेय. तिथल्या बाईंनी विचारलं, लग्नानंतर नाव बदलणार का? मी म्हटलं, एकदा बदललं तेवढं पुरे, त्या नावाने मला माझी मुलगी ओळखते. त्या हसल्या. मग तीन साक्षीदार विचारले. त्यांच्याकडून पुतण्या आणि त्याची बायको. माझ्याकडून कोण, यावर मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते.

विचारते आहे.

तू नाही म्हणालीस तर कार्यालयासमोरच्या टायपिस्टबाई येतील, लग्न अडणार नाही. हे धाक घालायला लिहीत नाही. आईचं सगळं आपल्या एका सहीवर अडलंय, असं ओझं तुझ्या डोक्यावर नको, म्हणून लिहिते. पण मला तू हवी आहेस. फार हवी आहेस. इतकी वर्षं आपण दोघी एकमेकींच्या दुःखात धावत गेलो, दवाखान्यात, स्मशानापर्यंत. आता पहिल्यांदा मी तुला आनंदात बोलावते आहे आणि तू येशील की नाही याची मला खात्री नाही, ही काय गंमत आहे गं!

बोलू नकोस हवं तर. हसूही नकोस. त्यांना काका म्हणायचंस तेच म्हण. फक्त ये, माझ्या शेजारी उभी राहा. स्टेशनवर मधली घेऊन येईन. सामान कमी आण, मागे तुला बसवायचंय.

तुझी,
नाव न बदललेली,
आई