रोशाचे दोन ठोंब

सर,

आज काहीच उमगेना म्हणून तुम्हाला लिहायला बसले. सत्त्याहत्तर सालच्या त्या दोन ठोंबांपासून सुरुवात करते, कारण घोळ तिथूनच आहे. समुद्रपूरच्या बाजूचं आपलं रोशा गवताचं प्रयोगाचं शेत. फुलोरा कापायचा, भट्टीवर तेल काढायचं आणि ज्या ठोंबाच्या तेलाला गुलाबासारखा वास जास्त, त्याचं बी नव्या वाणासाठी धरायचं. तेलाचे नमुने तपासणीसाठी नागपूरला यंत्रावर जायचे. त्या वर्षी दोन ठोंबांचे ग्राफ अगदी एकसारखे आले, ज्यानं गुलाबाचा वास येतो त्या जिरॅनिऑलचा उंचवटासुद्धा सारखाच. ठेवायचा होता एकच. तुम्ही कागदाची पट्टी तेलात बुडवून माझ्यासमोर धरली. "वास घे, मंग सांगजो."

मी रोहण्याच्या शेतकऱ्याची पोर, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मी मागे सरकले. "काऊन भेऊन राह्यली? नाक हाय ना तुले?" मी म्हटलं, दुसरा गोड आहे, पहिल्याला मागून उग्र दर्प येतो. तुम्ही पट्टी स्वतःच्या नाकाशी नेलीच नाही. "ठीक हाय, दुसरा," म्हणालात आणि बी त्याचंच धरलं. मला वाटलं, अगं बाई, परीक्षेत पास झाले!

त्या आनंदात मी चहा टाकला आणि दूध करपलं. खोलीभर वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही कप रिकामा करून म्हणता, "वा, मस्त झाला." आता तुम्हीच सांगा, ती माया होती, की तुम्हाला वासच येत नव्हता? मग तो वाण इतक्या शेतांत गेला, तो काय एकट्या माझ्या नाकाच्या भरवशावर? की तुम्ही आधीच हुंगून ठेवलं होतं? विचारीन विचारीन म्हणेपर्यंत तुम्ही गेलात. डोकं भणभणतं, सर. रागही येतो तुमचा.

आता तुमच्या टेबलाशी मी बसते. गेल्या हिवाळ्यात तापातून उठले तेव्हापासून मला वास येत नाही, फोडणीचा नाही की तेलाचा नाही. नवीन मुलगी लागली आहे कामाला. परवा पुन्हा निवड होती. मी पट्टी तिच्यापुढे धरली, "वास घे, मग सांगजो." ती घाबरली, तिला परीक्षाच वाटली. तिनं सांगितलेला ठोंब मी धरला. नंतर तिनं चहा आणला. पिऊन मी म्हटलं, वा, मस्त झाला. तर ती माझ्याकडे टकमक पाहतच राहिली. दूध करपलं होतं का, मला खरंच माहीत नाही.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. द्यायचं तर ते तिलाच द्यायला हवं, पण माझी हिंमत होत नाही.