शेजारची लहान फाइल

३ जून, सोमवार

माझं सगळं बदललं ते आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. बोट धक्क्याला लागली, मी दोर फेकला आणि तो एका मुलीनं झेलला. तिचं नाव लोसालीने. फिजीतलं, सुवाचं कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं सोडलं.

टोंगाच्या हापाई बेटसमूहातल्या या बेटावर काम सोपं आहे. रेडिओखोलीत तिची आत्या कालोलायने बसते. मासेमारीला जाणारी प्रत्येक होडी रेडिओवर ‘निघालो’ म्हणते, आल्यावर ‘परतलो’. आत्या त्या माणसाचं नाव मोठ्यानं घेते, मग लॅपटॉपवर नोंदते. नाव घेतल्याशिवाय परतणं पुरं होत नाही, असं इथे मानतात. संध्याकाळी यादीत कुणी बाहेर राहिलेला दिसला की शोधायला बोट सुटते.

नोंदीचा प्रोग्रॅम मी बघायचा. तो आपल्या म्हाताऱ्या कोंबडीहून सुस्त आहे, म्हणाली आत्या; आणि तू कॉलेज अर्धं केलंस, तेव्हा दुरुस्तीही अर्धीच करशील. मी हसलो. रागही आला.

५ जून, बुधवार

यातला डेटाबेस मला फार आवडला. वेगळा सर्व्हर नको, काही नको. प्रोग्रॅमच्या पोटातच राहतो, सगळं बेट एका फाइलीत. लिहायला घेतलं की शेजारी एक लहान फाइल मांडतो आणि जुनं पान तिच्यात जपतो. लिहून झालं की ती स्वतःच पुसतो. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी तिच्यावरून अर्धं काम मागे घेतो. एक तर पुरं, नाही तर झालंच नाही. माझ्यापेक्षा शहाणा.

लोसालीनेनं ओताई, कलिंगडाचं गार सरबत, आणून दिलं. फिलिमोने, अशी मला नावानं दोनदा हाक मारली.

८ जून, शनिवार

लोसालीनेचं ऑगस्टमध्ये लग्न आहे. उआइसेलेशी. तो मासेमारी करतो. आत्यानं सहज सांगितलं, आणि वर म्हणाली, पोरा, तोंड मीट, माशी जाईल.

११ जून, मंगळवार

आत्या लग्नाच्या चटया विणायला गेली होती. रेडिओवर मी एकटा. पाच होड्या निघाल्या. शेवटची उआइसेलेची. लोसालीनेनं धक्क्यावर त्याची कॉलर सरळ केली. खिडकीतून दिसलं.

त्याची नोंद लिहीत असतानाच सोलरची बॅटरी बसली आणि लॅपटॉप बंद पडला; त्याची स्वतःची बॅटरी कधीचीच मेली आहे. लॅपटॉप परत सुरू केला, तर ती लहान फाइल तिथेच. ती काय असते ते मला ठाऊक होतं. तरी रागात पुसली. मग मोठी फाइल उघडेना. कालची प्रत आणून ठेवली आणि सकाळच्या होड्या आठवून भरल्या.

चार भरल्या.

संध्याकाळी लोसालीनेनं विचारलं, तो अजून आला कसा नाही. मी तिच्याकडे न बघता यादीकडे बघितलं. यादीत कुणी बाहेर नाही, म्हणालो. शेजारच्या बेटावर थांबला असेल.

१२ जून, बुधवार

पहाटेपासून दक्षिणेचा वारा. शोधबोट दुपारी सुटली.

१४ जून, शुक्रवार

होडी सापडली, उलटी. तो नाही.

यंत्रानं नाव गिळलं, असं सगळे म्हणतात. आत्यानं माझ्यासाठी लू, अळूच्या पानांत शिजवलेलं मांस, आणला. यंत्राच्या पापापायी तू का उपाशी मरतोस, म्हणाली. मी खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं.

१७ जून, सोमवार

प्रोग्रॅम बंद आहे, तरी शेजारी ती लहान फाइल. पुसली. चहा घेऊन आलो, तर पुन्हा तिथेच.

१८ जून, मंगळवार

उघडून बघितली. एकच ओळ. उआइसेले. निघालो: अकरा जून, सात चाळीस. परतलो: रिकामं.

२० जून, गुरुवार

दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं नव्यानं बसवलं. त्यावरही आहे.

दुपारी रेडिओवर नुसतं पाणी ऐकू आलं. मग ‘परतलो’. आत्या समोर बसून नारळ किसत होती. तिला काहीच ऐकू गेलं नाही. मला म्हणाली, भूत बघितल्यासारखा काय बसलास?

नाव घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

२१ जून, शुक्रवार

दर तासाला तेच ‘परतलो’. तोंड उघडतो आणि—

२२ जून, शनिवार

लिहून टाकतो. मी विसरलो नव्हतो. पाचवं नाव आठवत होतं. बोटं कळांवर होती. तिनं सरळ केलेली ती कॉलर दिसली, आणि बोटं उचलली. मग भरू, म्हटलं. मग भरलंच नाही. ती विचारत होती तेव्हाही आठवत होतं.

२३ जून, रविवार

आज पाण्यात एकही होडी नाही. इथे रविवारी कुणी जाळंही वाळत घालत नाही. सगळं बेट चर्चमध्ये. फक्त लोसालीने धक्क्यावर, काळ्या कपड्यांत, कमरेला इथे शोकात गुंडाळतात ती चटई.

रेडिओ बोलला. परतलो.

मी नाव घेतलं. मोठ्यानं. उआइसेले.

लहान फाइल गेली. नोंद आपोआप भरली. परतलो: आज, दहा वीस. ठिकाण: रेडिओखोली.

माझी खुर्ची ओली आहे. मी उभ्यानं लिहितोय. खुर्चीकडे बघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून कॉलर दिसते तेवढी— सरळच आहे अजून—

वही आत्यासाठी उघडी ठेवतोय. लोसालीनेला सगळं सांगायला चाललो. तोंड दाखवायची लाज वाटते, पण मीच सांगायला हवं. तो उठतोय. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो, नाही तर माझ्याआधी तोच तिला—