दादाच्या कॅसेटमधला हुंदका

रविवार, संध्याकाळ

दादाची कॅसेट आज लावली. कोराडीच्या क्वार्टरमध्ये टीव्हीवर रॉकचा कार्यक्रम लागला की तो टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून धरायचा आणि आम्हाला श्वासही जपून घ्यायला लावायचा. तेव्हा अंगावर काटा आणणारं गिटार आज अगदीच बेताचं वाटलं. मी गाण्यामागचं घर ऐकत बसलो. कुकरची शिट्टी, पंख्याची करकर. दादाला जाऊन वर्ष झालं. हुंदका आवरला नाही.

तेवढ्यात कॅसेटमधून दादा कुजबुजला, "काहून रडून राहिला बे? रेकॉर्ड होऊन राहिलं ना सारं."

तेव्हा मी दुसरीत होतो. रडलो होतो का? आठवत नाही. कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. कुकरची शिट्टी आहे, पंखा आहे. दादाच्या बोलण्याआधी हुंदकाही आहे.

पण तो लहान मुलाचा नाही.