कोरड्या वाटीतला हरभरा

४ ऑगस्ट
नात शिवानी सहावीत. वर्गातला एकच प्रयोग लातूरच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार. तो शिवानीचाच गेला पाहिजे. मी सातवीपर्यंत शिकलोय. उद्यापासून विज्ञान मीच शिकवणार.

५ ऑगस्ट
शाळेतल्या लुंबिनी मॅडमची पद्धतच चुकीची. दोन वाट्यांत हरभरा घ्या, एकीत पाणी घाला, दुसरी कोरडी ठेवा, रोज बघून लिहा म्हणे. हरभऱ्याला पाणी लागतं हे अख्ख्या मुरुडला ठाऊक आहे. पाठ केलं की पाच मिनिटांत विषय संपतो. शिवानी म्हणाली, आप्पा, पाठ न्हाई करायचं, बघायचं असतंय. नुसतं बघून कोण पास झालंय?

६ ऑगस्ट, सकाळी
वाट्या देवघराच्या खिडकीत. कोरडीत पाण्याचा थेंब घालायचा नाही, असा शिवानीचा हुकूम. शब्द दिला. मी शब्दाचा पक्का.

७ ऑगस्ट
लिंगपूजा झाली. उरलेलं तीर्थ मोगऱ्याला घालतो, पण अंगणात चिखल आणि गुडघा धरलाय. तीर्थ पायदळी जाता कामा नये. कोरड्या वाटीत चमचाभर घातलं. शब्द पाण्याचा होता. तीर्थ म्हणजे पाणी नव्हे.

८ ऑगस्ट
गुडघा तसाच. तीर्थ तिथंच.

१० ऑगस्ट
कोरड्या वाटीला मोड! शिवानी रडकुंडीला. आता आपला नंबर कुठला लागतोय, म्हणाली. तीर्थाचं सांगावं का? पुस्तक चुकलं असंल, एवढं म्हणालो.

११ ऑगस्ट
मॅडम म्हणे, चुकलं तर कारण शोध. शिवानीनं पुन्हा वाट्या मांडल्या. आता तिसरीही, कोरडीच, पण सूनबाईच्या कपाटात कुलूपबंद. एवढा अविश्वास कुणावर, कळत नाही. उद्यापासून चिखलातून मोगऱ्यापर्यंत जाणार म्हणजे जाणार.

१२ ऑगस्ट, साडेसात वाजता
गेलो नाही. अर्धाच चमचा घातला.

१४ ऑगस्ट
खिडकीतल्या कोरडीला मोड, कपाटातलीला नाही. शिवानी नुसती हसून राहिली. सूनबाई अंबिकाही हसली. पोरीला विज्ञान आवडायला लागलं, माझं सार्थक झालं.

१८ ऑगस्ट
शिवानीचाच नंबर! वहीत रोजचं निरीक्षण: सात वाजून दहा मिनिटं, आप्पा, इकडं बघतात, तिकडं बघतात, चमचा. मॅडम म्हणाल्या, असं निरीक्षण वर्गात कुणाचंच नाही. मी म्हणालो, शिकवणी माझी. लातूरला मलाही न्यायचं ठरलं. मार्गदर्शक म्हणूनच असणार. धोतर इस्त्रीला दिलं.

संध्याकाळी
शिवानी म्हणाली, तसं न्हाई आप्पा, तुम्ही वाटीजवळ चमचा धरून उभं राहायचं, बोलायचं न्हाई. प्रदर्शनात प्रत्येक वस्तूला लेबल लागतं म्हणे, म्हणून तिनं मलाही एक केलंय. त्यावर माझं नाव नाही. ‘कारण’, एवढंच लिहिलंय.