दोनदा शिवलेली घडी

मी, खाली अंगठा उठवणारी, पुस्तकं बांधणाऱ्याची बायको, वय ऐंशीच्या पलीकडे, नेमका आकडा सांगणारे सगळे वर गेले, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र वकीलसाहेबांना सांगून लिहवून घेत आहे. थोरला मुलगा बाहेरच्या खोलीत मुद्दाम खोकतो आहे, ते दडपणात धरू नये. डोकं ठीक असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. गुडघ्यांबद्दल लिहिलं नाही, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचं नसतं.

१. दाभण आणि खळीचं पातेलं शेजारच्या शिंप्याला द्यावं. माझी खळ चिकटत नाही असं तो जन्मभर सांगत आला. आता स्वतः शिजवून बघावी.

२. बँकेतली शिल्लक थोरल्याला. त्याने ती मनात कधीच खर्चून टाकली आहे.

३. राहतं घर. इथे जरा सविस्तर सांगणं भाग आहे. आमचे हे छापील पानांच्या घड्या एकावर एक लावायचे आणि मी त्या शिवायची. एका कादंबरीत ह्यांनी एकच घडी, म्हणजे तीच पानं, दोनदा लावली, मी शिवली, पुस्तकं विकली गेली. एकाचीही तक्रार नाही, कारण त्या कादंबरीत काही घडतच नाही. एक बाई नवऱ्याचा सदरा घडी करून कपाटात ठेवते, बाहेर काढते, पुन्हा घडी करते. नवरा कुठे गेला, तेही लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

घरात उरलेली प्रत मी थोरल्याला मला वाचून दाखवायला सांगितली. त्याने कंटाळून आपल्या पदरचा एक चोर त्या बाईच्या घरात घातला आणि चोराकडून शेजाऱ्याचा खून करवला. पुढच्या पानावर बाई पुन्हा सदराच घडी करत होती. खून झालेल्या घरात इतकी शांतता मला पटेना. विचारलं तर म्हणतो, "आई, काहीतरी व्हायला नको का?"

मग धाकट्या सुनेने वाचून दाखवलं. धाकटा मुलगा देवाघरी गेल्यापासून ती माझ्याजवळच असते. घर विकून तिची माहेरी रवानगी करावी, असं थोरल्याच्या मनात आहे. दोनदा लागलेली घडी आली, तिला ते कळलंही, पण तिने एक ओळ गाळली नाही. पहिल्या वेळी आवाज सरळ होता. दुसऱ्या वेळी सदऱ्याच्या बाह्या मुडपताना आवाजच गेला. मी खिडकीकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "आई, परत वाचू?"

"वाच," मी म्हटलं.

घर तिचं. वकीलसाहेब अडले. वाचून दाखवलं म्हणून कोणी घर देत नसतं, म्हणाले. मग खोकलं म्हणून देतात का, असं मी विचारलं. त्यांनी लिहिलं.

४. थोरला विचारेल, त्या दिवशी आईला असं झालं तरी काय होतं. त्याला सांगावं, काही झालं नव्हतं. दोघी बसलो होतो.

ठिकाण: माझीच खाट
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१७
डाव्या हाताचा अंगठा: उठवला, शाई पदराला पुसली

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही, पूर्ण वाचले. सही करायला जरा वेळ लागला.)